मदत हवी आहे: पक्षाघातानंतर काकांचं यूडीआयडी कार्ड आणि संजय गांधी योजना

नमस्कार मंडळी,

माझे काका (वय ५४) सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहतात. आयुष्यभर गवंडीकाम केलं. गेल्या वर्षी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही गेलं. समोरचा काय म्हणतो ते सगळं त्यांना समजतं, पैशाचा हिशेब बरोबर करतात, पण हवा तो शब्द तोंडातून निघत नाही. घरी काकू आणि बारावीतली मुलगी. काकू शेतात रोजंदारीने जायच्या, आता काकांना एकटं ठेवून जाता येत नाही म्हणून तेही बंद आहे. मी पुण्यात असतो, त्यामुळे ऑनलाइन जे काही असेल ते मी करायचं असं घरात ठरलंय.

आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र), मग दरमहा अनुदान देणारी संजय गांधी निराधार अनुदान योजना, हा क्रम मला कळला आहे. जून २०२१ पासून प्रमाणपत्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच (वेबसाइटवरूनच) मिळतं हेही वाचलं. झटक्यानंतर सहा महिने तरी थांबून तपासणी करतात असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तो काळ आता उलटून गेलाय. तरी अर्ज भरताना बऱ्याच ठिकाणी अडलोय.

काकांच्या आधारला जोडलेलं सिम केव्हाच बंद पडलंय, त्यामुळे ओटीपी येत नाही. आधार केंद्र तालुक्याला आहे. फक्त एक नंबर बदलण्यासाठी त्यांना गाडी करून न्यायचं, रांगेत बसवायचं, हे खरंच टाळता येणार नाही का? अर्जात अपंगत्वाचा प्रकार विचारतात. हातापायाचं समजलं, पण वाचा गेली आहे ती कुठे दाखवायची? की जे जास्त आहे ते एकच लिहायचं? योजनेला किमान ४० टक्के अपंगत्वाची अट असल्यामुळे मला याची फार काळजी वाटते. शिवाय तालुक्याचं उपजिल्हा रुग्णालय निवडावं की साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय?

गावाकडे एक जण असे अर्ज भरून देतो. तो म्हणाला, काकांना सही जमत नाही आणि बोलता येत नाही, तेव्हा पुतण्याला पालक दाखवून अर्ज करा, दोन हजार द्या, बाकी मी बघतो. हे काकांच्या समोरच बोलणं झालं. काकांनी डाव्या हाताने छातीवर थापटून "मी, मी" एवढंच म्हटलं. त्यांचा अर्ज त्यांच्याच नावाने, त्यांच्याच अंगठ्याने जावा असं मला मनापासून वाटतं. नियमात ते बसतं का?

आणखी एक. काका कमावते होते तेव्हाचा उत्पन्नाचा दाखला ७२ हजारांचा आहे. दिव्यांगांसाठी मर्यादा ५० हजारांची आहे ना? आता घरात काहीच येत नाही. मग नवा दाखला मिळेल का?

ज्यांनी स्वतः किंवा घरच्यांसाठी हे केलंय त्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

पोस्टमनला विचारा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमन आणि ग्रामीण डाकसेवक घरी येऊन आधारला मोबाइल नंबर जोडून देतात. आमच्या आजींचं तसंच झालं. बोटाचा ठसा लागतो, काकांच्या डाव्या हाताचं बोट चालेल. नंबर मात्र काकू किंवा मुलीचा द्या, तुमचा नको. पुढे बँकेचे, योजनेचे सगळे ओटीपी त्याच नंबरवर येणार आहेत, आणि ते काकांच्या शेजारी असणाऱ्या माणसाच्या हातात असलेले बरे.

प्रतिसाद

माझ्या बहिणीचं प्रमाणपत्र काढताना या सगळ्यातून गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पालकाचं. नियमात पालकाने अर्ज करायची तरतूद आहे ती अल्पवयीन मुलांसाठी, बौद्धिक दिव्यांगांसाठी आणि ज्यांना स्वतः अर्ज करणं शक्यच नाही अशांसाठी. तुमच्या काकांना सगळं समजतं, म्हणजे अर्जदार तेच. तुम्ही फक्त फॉर्म भरून देणारे. सहीच्या जागी अंगठा चालतो, पांढऱ्या कागदावर ठसा घेऊन स्वच्छ फोटो अपलोड करा. आणि अर्जाला काहीही फी नाही. त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. कोणाला पालक म्हणून एकदा कागदावर आणलं की पुढे प्रत्येक ठिकाणी त्याचीच सही मागत राहतात, काकांना कोणी विचारत नाही.

आता प्रकार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात वाचा व भाषा दोष हा वेगळा प्रकार आहे. मेंदूच्या आजारामुळे भाषा गेली असेल तर ती त्यातच मोडते. त्याला अफेजिया म्हणतात, डिस्चार्ज कार्डावर हा शब्द आहे का बघा. त्यामुळे चलनवलन (म्हणजे हातापायाचं) आणि वाचा असे दोन्ही प्रकार लिहा. बोर्डासमोर, म्हणजे टक्केवारी ठरवणाऱ्या डॉक्टरांसमोर, गेल्यावर हातापायाची तपासणी होते आणि बोलण्याचं राहून जातं, कारण पेशंट स्वतः सांगू शकत नाही. काकूंनी तिथे आठवण करून द्यायलाच हवी.

दोन्हींची टक्केवारी सरळ बेरजेने धरत नाहीत. मोठा आकडा तसाच ठेवायचा, ९० मधून तो वजा करायचा, उरेल त्याला छोट्या आकड्याने गुणून ९० ने भागायचं आणि ते मोठ्यात मिळवायचं. समजा हातापायाचे ५० आणि वाचेचे २० आले, तर एकत्रित साधारण ५९ होतात. ७० नव्हे, पण ५० सुद्धा नव्हे. ज्यांचा एक आकडा ४० च्या जरा खाली राहतो त्यांचं तर सगळं या दुसऱ्या तपासणीवर ठरतं. ४० च्या खाली पांढऱ्या रंगाचं कार्ड मिळतं, पण संजय गांधी योजनेला त्याचा उपयोग नाही.

म्हणून रुग्णालय निवडण्याआधी एक फोन करा. बोर्ड कोणत्या वारी बसतं आणि त्या दिवशी वाचातज्ज्ञ असतात का, एवढंच विचारा. जवळच्या ठिकाणी ते नसतील तर तुम्हाला पुन्हा साताऱ्याला पाठवतील आणि काकांचे हाल होतील. आणखी एक मार्ग आहे: त्यांचे उपचार ज्या सरकारी रुग्णालयात झाले तिथेही अर्ज करता येतो, ते राहत्या जिल्ह्यातलंच असावं असं नाही.

टक्केवारी पटली नाही तर त्याच कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं, मुदत ९० दिवसांची. प्रमाणपत्र तात्पुरतं मिळालं तर त्याची तारीख मुलीला वहीत लिहून ठेवायला सांगा. ती उलटली की अनुदान अडकतं.

प्रतिसाद

उत्पन्नाचं सांगतो. मर्यादा ५० हजार बरोबर आहे. जुना दाखला जोडू नका. तलाठ्यांना डिस्चार्ज कार्ड दाखवून आजच्या परिस्थितीची चौकशी करायला सांगा आणि त्यावर तहसीलचा नवा दाखला घ्या. सोबत १५ वर्षांचा रहिवास लागतो. अनुदान १५०० होतं, सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी ते २५०० केलं. पैसे थेट खात्यात येतात, त्यामुळे खातं डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधारला सीड झालेलं, म्हणजे जोडलेलं पाहिजे. बँकेत केवायसीला आधार दिलं म्हणजे सीडिंग झालं असं नाही. नंबर जोडला गेला की माय आधारच्या साइटवर लगेच तपासा.

काका गवंडी होते असं लिहिलंय. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे त्यांची नोंदणी होती का? नोंदणी चालू असेल आणि कायमचं अपंगत्व ७५ टक्के किंवा जास्त आलं तर दोन लाखांचं सहाय्य आहे. जुनं ओळखपत्र शोधा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. पोस्टमनकाका घरी येऊन गेले, काकूंचा नंबर जोडला गेला. काल रात्री व्हिडिओ कॉलवर काकूंनी ओटीपी सांगितला आणि अर्ज गेला, दोन्ही प्रकार लिहून, काकांच्या नावाने आणि त्यांच्याच अंगठ्याने. नोंदणी क्रमांकाचा मेसेजही आला. डिस्चार्ज कार्डावर अफेजिया खरंच लिहिलेलं आहे, आम्हाला त्याचा अर्थच माहीत नव्हता.

कामगार मंडळाचं ओळखपत्र सापडलं, पण नूतनीकरण झटक्याच्या आधीच संपलेलं दिसतंय. अशा वेळी काही करता येतं का, कोणाला अनुभव आहे का? आणि साताऱ्याच्या बोर्डाला जाऊन आलेलं कोणी असेल तर व्हीलचेअर दारातच मिळते का, की आम्ही घरून न्यावी, तेवढं सांगा.