ईडीएम (कॉम्प्युटरवर बनवलेलं नाचायचं संगीत) शिकालोय, हेडफोनवर भारी वाजतंय पण मंडळाच्या बॉक्सवर बेसच गायब, काय चुकतंय?

पेटीवाला_नंदगड:
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, बेळगावात बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. सात-आठ महिने झाले एफएल स्टुडिओ या गाणी बनवायच्या सॉफ्टवेअरवर हाऊस (ईडीएमचाच एक प्रकार) करायला शिकालोय, लॅपटॉप भावाचा जुना 8 जीबी रॅमचा आणि हेडफोन साधेच. संगीताचं म्हणाल तर गावच्या भजनात पेटी वाजवतो तेवढंच. आठ बारचा (एक बार म्हणजे चार ठोके) लूप, म्हणजे परत परत वाजणारा तुकडा, मस्त जमतो आणि तिथंच गाडी अडकते, फोल्डरमध्ये असले 40 लूप पडलेत पण पुरं झालेलं एकच. तेवढंच एक रात्रभर बसून केलं होतं. शिवजयंतीच्या मिरवणुकीआधी साऊंडवाले अण्णा बॉक्स चेक करत होते तेव्हा त्यांना म्हटलं माझं लावा की, मिनिटाला 128 ठोक्यांचं हाऊस, काळी एकमध्ये, माझी भजनातली नेहमीची पट्टी. हेडफोनवर कान दणाणून सोडणारा बेस तिथं कुठं गेला कळेना, नुसती किक (ड्रमचा मुख्य ठोका) टकटक करालती. गल्लीतली सगळी पोरं उभी होती, लई वाईट वाटलं. चांगले स्पीकर घेतले तर सुटेल काय हे? आणि हलगी घालायची लई इच्छा आहे, मोबाईलवर रेकॉर्ड केलेली आहे पण दोन बारनंतर बीट सोडून पळते.

बॉक्सवाला_चव्हाट_गल्ली:
बाळा स्पीकर घेऊ नकोस, पैसे ठेव. तुझा घोळ पट्टीत आहे. काळी एकचा खालचा सा म्हणजे साधारण 34.6 हर्ट्झ. हेडफोन कानाला चिकटून असतोय म्हणून तो तुला ऐकू येतो, पण आमचे मिरवणुकीचे बहुतेक बॉक्स 45 च्या खाली हात टेकतात, उघड्यावर तर अजूनच. गाणं उचलून पांढरी पाचवर ने, तिथला खालचा सा 49 हर्ट्झचा, तो बॉक्समधून बरोबर निघतो आणि पोटात बसतो. पिआनो रोलमध्ये (स्वर मांडायच्या खिडकीत) सगळे स्वर निवडून सहा घरं वर सरकवलंस की झालं, बेसची ओळ मात्र त्याहून वरच्या सप्तकात नेऊ नकोस नाहीतर पातळ होईल.
आणि बेसवर कोरस (आवाज जाड करणारा इफेक्ट) नाहीतर स्टिरिओ रुंद करणारं काय लावलंयस काय? सब (सगळ्यात खालचा बेस) मोनोवर, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज, असा चालतो. डावी-उजवी बाजू उलट्या फेजमध्ये असली की एकत्र आल्यावर एकमेकीला खाऊन टाकतात, उरतं शून्य. 120 हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो कर. 30 च्या खालचं कापून टाक, ते बॉक्समधून ऐकू येत नाही, नुसता अँप तापतोय. किकची शेपटी पण लांब ठेवू नकोस, आणि मास्टर लाल होईपर्यंत चढवून आणू नका रे कुणी, आवाज वाढवायला आम्ही बसलोय की तिथं.

शहापूरची_सिंथवाली:
अण्णांनी सांगितलं ते अगदी खरं. साईडचेन पण लाव, एफएलच्याच फ्रूटी लिमिटरमध्ये आहे, किक पडली की बेस क्षणभर वाकला पाहिजे. दोघांना एकाच वेळी एका दारातून घुसवलंस तर दोघं अडकणार.
पण मला दुसरीच शंका येतेय. तू एफएलच्या ट्रायल व्हर्जनवर आहेस काय? कारण त्यात सेव्ह होतं, एक्स्पोर्ट पण होतं, पण सेव्ह केलेला प्रोजेक्ट परत उघडून काम करता येत नाही. म्हणजे रोज नवीन लूप, आणि पुरं झालं तेवढं एका बैठकीत केलेलं. तसं असेल तर ही तुझी अक्कल कमी असं समजू नकोस. मी पण पहिले पाच महिने हेच करत होते आणि मला वाटायचं आपल्यात काय दमच नाही, रडायला यायचं. नंतर साठवून साठवून लायसन्स घेतलं, पुढचे अपडेट कायमचे फुकट मिळतात आणि ट्रायलमध्ये सेव्ह केलेले जुने प्रोजेक्ट पण उघडतात.
लूपमधून गाणं करायचं तर भर घालत बसू नकोस, काढत जा. पूर्ण भरलेला लूप पाच मिनिटं सलग पसरव आणि मग खोडायला लाग. 128 ला 16 बार म्हणजे बरोबर 30 सेकंद, एवढं एक गणित डोक्यात ठेव. पहिला एक मिनिट नुसती किक आणि हॅट (झांजेची चिकचिक), डीजेला मिसळायला जागा लागते. ब्रेकला (मधल्या शांत भागात) किक आणि बेस दोन्ही काढ, ड्रॉपला (गाणं परत उसळतं तिथं) परत आण. आवडतं एखादं गाणं त्याच प्लेलिस्टमध्ये खाली टाकून त्याचा बदल कुठं कुठं येतो तिथं खुणा कर, आठवडाभरात हात बसेल.

टिळकवाडी_909:
हलगीचं मी सांगतो, मी यात दोन वर्षं डोकं फोडलंय. तुझ्या दोन अडचणी एकत्र झाल्यात. माणूस वाजवताना लय थोडी पुढंमागं होणारच, त्यामुळं लांब रेकॉर्डिंग बीटवर टिकणार नाही. आणि आपल्याकडच्या कितीतरी चाली तिनाच्या वजनात चालतात, हाऊसची ग्रिड (ठोक्यातल्या घरांची मांडणी) चाराची. एका किकमध्ये चार घरं मोजतोस तिथं हलगी तीन मोजते, मग भांडण. स्नॅप (स्वर कुठल्या घरांवर चिकटायचे ते) 1/3 बीटवर ठेव, किक तशीच सरळ राहू दे, हॅटसुद्धा तिनाच्या वजनात आण, मग बघ कसं उचलतंय.
आधी एकेक थाप वेगळी कापून घे, जोराची, हलकी, कडेची, मधली, अशा दहा-बारा. मोबाईल तोंडाशी धरू नकोस, चार-पाच मीटर लांब ठेव, जवळ धरलास की फोन आपणच आवाज दाबतो आणि थापेचा चटका जातो. हलगी शेकून घेतल्या घेतल्या रेकॉर्ड कर, गार झाली की सूर उतरतो.
कॉर्ड येत नाहीत म्हणून कुढू नकोस (तू लिहिलं नाहीस, पण पेटीवाल्यांना हे वाटतंच). मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलंडच्या टीबी-303 (बेस मशीन) आणि टीआर-808 (ड्रम मशीन) वर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून रेकॉर्ड काढली होती, खाली एक सूर धरलेला आणि वर राग. शिकागोतलं अॅसिड हाऊस (याच 303 च्या आवाजावरचं हाऊस) त्यानंतरचं. तुला भूप येत असेल, तर तोच घे, पाच स्वर, सा धरून ठेव आणि फिल्टर (आवाजाची धार कमी-जास्त करणारं) सावकाश उघड.

पेटीवाला_नंदगड:
आक्का, ट्रायलच आहे. मला वाटालतं फाईल करप्ट होतात म्हणून. आत्ता वाचून कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो.
अण्णा, आजच्या एका बैठकीत पांढरी पाचवर नवीन केलं, मोनो केलं, कोरस होताच बेसवर, काढला. भूप घेतलाय. हलगी रविवारी गावी गेल्यावर. एकदा बॉक्सवर लावून बघायला मिळेल काय?

बॉक्सवाला_चव्हाट_गल्ली:
ये की. मंगळवारी दुपारी गोडाऊनमध्ये बॉक्स उघडून साफ करणार आहे, पेनड्राईव्हवर वेव्ह फाईल आण, एमपी3 नको.