‘दयासन’मध्ये आसन कुठून आलं?
बायबलच्या निर्गम या पुस्तकातल्या २५व्या अध्यायातलं दयासन म्हणजे ‘देवाची खुर्ची’ असं म्हटलं जातं, त्यात थोडी भर. मूळ हिब्रू शब्द कप्पोरेत. धातू क-फ-र, म्हणजे प्रायश्चित्त करणं. ‘योम किप्पुर’ या ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसातला किप्पुर तोच. काही जण ‘झाकण’ असाही अर्थ लावतात आणि वस्तू खरोखर कोशावरचं, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवायच्या पेटीवरचं, सोन्याचं झाकणच आहे. या शब्दात ना दया आहे, ना आसन. बायबलचा अनुवाद करताना ल्यूथरने जर्मनमध्ये ‘कृपेचं आसन’ केलं, अनुवादक टिंडेलने तेच इंग्रजीत उचललं. अर्थात २२व्या वचनात देव तिथूनच, झाकणावरच्या दोन करुबांमधून (पंख असलेल्या स्वर्गीय प्राण्यांच्या मूर्तींमधून) बोलतो, तेव्हा आसन अगदीच गैरलागू नाही.

कोशाचा मूळ शब्द ‘आरोन’, साधी पेटी. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या शेवटी योसेफाचं शव ठेवतात तेही आरोनच! जलप्रलयातल्या नोहाच्या तारवाला (नौकेला) मात्र ‘तेवा’. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, म्हणून तिकडे घोळ होतो. मराठीत कोश वेगळा, तारू वेगळं. इथे आपलं भाषांतर सरस वाटतं.

निर्गमच्या त्याच अध्यायातल्या दीपवृक्षावरची (सोन्याच्या दिव्याच्या समईवरची) बदामाची फुलंही बघा. बदाम ‘शाकेद’, जागत राहणं ‘शाकद’. बायबलमधल्या यिर्मया या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात यावरच श्लेष आहे.