अनुभव धागा : प्रायमरीतला ‘वरून आलेला’ उमेदवार

महाराष्ट्रात ज्याच्या हाती पक्षाचा एबी फॉर्म पडतो तो उमेदवार आणि बाकीचे निष्ठावंत किंवा बंडखोर, असा सरळ हिशेब असतो. अमेरिकेत काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, जागेसाठी पक्षाचा उमेदवार प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत मतदानात, मतदार निवडतात, त्यामुळे कागदोपत्री तरी पक्षश्रेष्ठींना कोणाचे तिकीट कापता येत नाही. तरीही श्रेष्ठींच्या मर्जीतला कोण, हे प्रायमरीच्या कित्येक महिने आधी सर्वांना ठाऊक झालेले असते आणि वर्षानुवर्षे सतरंज्या उचललेल्या माणसाला ‘या वेळी थांबा’ असे सांगितले जाते. तिकीट कापता येत नसेल, तर वाट नेमकी कशी अडवली जाते? स्वयंसेवक, मतदार, देणगीदार किंवा इच्छुक म्हणून ज्यांनी हे जवळून पाहिले आहे, त्यांनी इथे सविस्तर लिहावे. दोन्ही पक्षांतले अनुभव हवे आहेत. जाहीर नोंदीतली नावे जरूर घ्यावीत. ज्यांच्याशी आपला खासगीत संबंध आला, त्यांची मात्र घेऊ नयेत.

न्यू जर्सी

आमच्याकडे वाट मतपत्रिकेवरच अडवलेली होती. राज्यातल्या २१ पैकी १९ काउंट्यांमध्ये (जिल्ह्यांमध्ये) काउंटी पक्षाचा पाठिंबा मिळालेले उमेदवार, वरच्या पदापासून थेट गावातल्या पदापर्यंत, एकाच रांगेत एकाखाली एक छापले जात. या रांगेला सगळे ‘लाइन’ म्हणत. ज्याला लाइन मिळाली नाही, त्याचे नाव मधले रकाने रिकामे सोडून पार एका टोकाला, कधी कधी ज्याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही अशा उमेदवाराच्या शेजारी जाऊन पडे. निवडणुकीआधी घरी येणारी नमुना मतपत्रिका जेवणाच्या टेबलावर पसरून आम्ही आमच्याच उमेदवाराचे नाव बोटाने शोधत असू. दारोदार फिरताना धोरण सांगण्याआधी नाव कुठे सापडेल ते सांगावे लागे, आणि एका आजोबांनी मला अगदी सद्भावनेने ऐकवले होते की ते नेहमी पहिल्या रांगेत वरून खाली खुणा करत जातात, म्हणजे पक्षाचे कोणी राहून जात नाही.

लाइन कोणाला द्यायची, हे काही काउंट्यांमध्ये काउंटी कमिटीचे सदस्य गुप्त मतदानाने ठरवत आणि काही ठिकाणी अध्यक्षांचा शब्द पुरेसा असे. सप्टेंबर २०२३ मध्ये सिनेटर मेनेंडेझ यांच्यावर लाचखोरीचे आरोपपत्र दाखल झाले आणि दुसऱ्याच दिवशी खासदार अँडी किम यांनी त्या जागेसाठी उमेदवारी जाहीर केली. नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर फिल मर्फी यांच्या पत्नी टॅमी मर्फी रिंगणात उतरल्या. त्यांनी त्यापूर्वी कोणतेही निवडून येण्याचे पद भूषवलेले नव्हते, पण मोठ्या काउंट्यांच्या अध्यक्षांनी अवघ्या काही दिवसांत त्यांच्या मागे रांग लावली. ज्यांच्या काउंटीचा निधी आणि नेमणुका गव्हर्नरांच्या सहीवर अवलंबून आहेत, ते दुसरे काय करणार होते? फेब्रुवारी २०२४ मध्ये खुद्द मर्फी कुटुंब राहते त्या मॉनमथ काउंटीत गुप्त मतदान झाले, तेव्हा मात्र किम जिंकले. आमच्या ओळखीच्या एका कमिटी सदस्याने त्यानंतर हलक्या आवाजात सांगितले की आपल्याकडेही चिठ्ठीवर मतदान झाले असते तर निकाल हाच लागला असता.

किम यांनी लाइनविरुद्ध केंद्रीय न्यायालयात दावा लावला. २४ मार्चला टॅमी मर्फी यांनी माघार घेतली आणि २९ मार्चला न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती लाइन थांबवली. जूनमध्ये आम्ही प्रथमच पदानुसार चौकटी असलेली मतपत्रिका पाहिली. एका पदाचे सगळे उमेदवार एकाच चौकटीत होते. रिपब्लिकन मतपत्रिकेवर मात्र त्या वर्षी जुनीच रांग राहिली. मार्च २०२५ मध्ये कायदाच बदलला, आणि त्यावर सही केली ती गव्हर्नर मर्फी यांनी.

मध्यपश्चिमेतील एक इच्छुक

राज्याचे नाव लिहीत नाही. मी स्कूल बोर्डावर निवडून आले होते आणि पक्षाच्या प्रत्येक प्रचारात माझ्या घराचे तळघर फलकांचे गोदाम झालेले असे. आमच्या मतदारसंघातली जागा मोकळी झाली, तेव्हा पक्षातल्या एका वजनदार गृहस्थांनी मला न्याहारीला बोलावले. शाळा, आरोग्यविमा, मतदारसंघातले बंद पडलेले कारखाने यांतल्या कशाचाही विषय निघाला नाही. फोनमधली सगळी नावे काढा, प्रत्येकापुढे तो किती देईल तो आकडा लिहा आणि बेरीज मला पाठवा, एवढेच त्यांनी सांगितले. उमेदवाराचा तिमाही हिशेब निवडणूक आयोगाकडे जातो आणि तो सर्वांना पाहता येतो, त्यामुळे पहिल्या तिमाहीचा आकडा लहान दिसला की उमेदवार संपला, असे त्यांचे गणित होते. आपल्या मराठी मंडळातली माणसे मदत करतात, नाही असे नाही, पण एच-१बी व्हिसावरच्या माणसाला कायद्याने देणगी देताच येत नाही. तो फार तर विनामोबदला राबू शकतो. माझी बेरीज त्यांना पटली नाही. पुढच्या आठवड्यात कळले की एका श्रीमंत वकिलाचे नाव आधीच ठरलेले होते आणि मला ‘विधानसभेला तुमचा विचार करू’ असा निरोप होता. सगळे अत्यंत सभ्यपणे झाले, आणि या सभ्यतेचाच मला अधिक राग आला.

ह्यूस्टन

टेक्सासच्या सातव्या मतदारसंघात २०१८ साली डेमोक्रॅटिक प्रायमरीत सात जण होते. मतदानाला थोडे दिवस उरले असताना पक्षाच्याच काँग्रेस निवडणूक समितीने लॉरा मोझर या स्वपक्षीय उमेदवाराविरुद्धचा मजकूर स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीरपणे लावला. विरोधी पक्षाविरुद्ध वापरायचे हत्यार घरातल्या माणसावर चालवलेले पाहून माझ्यासारखे तटस्थही चिडले. मोझर यांच्याकडे देणग्यांचा ओघ सुरू झाला आणि त्या दुसऱ्या फेरीत पोहोचल्या. टेक्सासमध्ये पन्नास टक्क्यांच्या वर कोणी गेले नाही तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान होते. मे महिन्यात लिझी फ्लेचर यांनी त्यांना मोठ्या फरकाने हरवले आणि नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन जॉन कल्बरसन यांची जुनी जागाही घेतली. फ्लेचर चांगल्याच उमेदवार होत्या. समितीने तोंड बंद ठेवले असते तरी त्या बहुधा जिंकल्याच असत्या, असे माझे मत आहे.

बॉस्टनजवळ

आमची छोटी संस्था निवडणुकीची पत्रके तयार करते. मार्च २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या याच काँग्रेस निवडणूक समितीने नियम केला की विद्यमान खासदाराविरुद्ध उभ्या राहणाऱ्याचे काम जो घेईल, त्याला समिती काम देणार नाही. उमेदवाराला कोणी अडवले नाही. अडवले ते त्याचा छापखाना, सर्वेक्षण करणारा आणि सल्लागार यांना. आम्ही त्या काळात एका तरुण शिक्षिकेचे काम नाकारले आणि कारण फोनवर सांगितले, ईमेलवर लिहिले नाही. २०२१ मध्ये हा नियम मागे घेण्यात आला.

नोवाय, मिशिगन

श्री ठाणेदार यांचा उल्लेख आल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. २०२२ साली डेट्रॉइटच्या तेराव्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक प्रायमरीत नऊ उमेदवार होते. मते फुटू नयेत म्हणून शहरातल्या अनेक कृष्णवर्णीय नेत्यांनी ॲडम हॉलियर यांच्यामागे एकवटण्याचा प्रयत्न केला आणि बाहेरच्या एका राजकीय निधीनेही त्यांच्यावर लाखो डॉलर ओतले. ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर प्रायमरी जिंकले आणि नोव्हेंबरमध्ये निवडून आले. इकडच्या मंडळांत पेढे वाटायचेच बाकी राहिले होते; बेळगावचा मुलगा श्रेष्ठींना नमवून काँग्रेसमध्ये गेला म्हणून. मलाही आनंद झाला, पण हे तळागाळाचे यश म्हणावे का, याबद्दल मला शंका आहे. उमेदवाराने स्वतःचा किती पैसा घालावा यावर कायद्याची मर्यादा नाही आणि त्यांनी तो भरपूर घातला. डेट्रॉइटमधल्या माझ्या सहकाऱ्यांना खटकले ते वेगळेच होते. १९५५ पासून प्रथमच त्यांच्या शहराला काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय खासदार राहिला नाही. त्यांच्या नेत्यांनी एकच नाव पुढे करण्यामागे हे कारण होते, आणि त्याला केवळ दडपशाही म्हणणे मला जमत नाही.

डेलावेअर

मी रिपब्लिकन आहे आणि मला श्रेष्ठींची बाजू मांडायची आहे. २०१० साली सिनेटच्या जागेसाठी राज्यातल्या पक्षाने माइक कॅसल यांना निवडले होते. ते माजी गव्हर्नर, अनेक वर्षे खासदार आणि डेमोक्रॅटिक शेजाऱ्यांनाही चालणारे गृहस्थ होते. टी पार्टी या पक्षातल्या कडव्या उजव्या चळवळीच्या लाटेत प्रायमरीत क्रिस्टीन ओडॉनेल यांनी त्यांना हरवले, आणि हातात आलेली जागा नोव्हेंबरमध्ये क्रिस कून्स यांना सहज मिळाली. प्रायमरीत उत्साही लोक मत देतात, नोव्हेंबरमध्ये सगळे. हा फरक ज्यांना रोज मोजावा लागतो, त्यांनी एखादे नाव सुचवले तर त्यात पाप नाही.

लुईव्हिल, केंटकी

डेलावेअरच्या सदस्यांचे गणित मान्य, पण ते गणित चुकते तेव्हा कोणी राजीनामा दिलेला मी पाहिला नाही. २०२० मध्ये रिपब्लिकन सिनेट नेते मिच मॅकॉनेल यांच्याविरुद्ध डेमोक्रॅटिक सिनेट नेतृत्वाने एमी मॅकग्रा यांना पुढे आणले आणि प्रायमरीच्या आधीच त्यांच्याकडे चार कोटींहून अधिक डॉलर जमा झाले. आमच्या शहरातले आमदार चार्ल्स बुकर यांच्याकडे त्याच्या पासंगालाही पुरेल एवढा पैसा नव्हता. पोलिसांच्या गोळीबारात मारल्या गेलेल्या ब्रिओना टेलर यांच्या प्रकरणी मोर्चे निघाले, त्यांत ते लोकांबरोबर चालले आणि शेवटच्या काही आठवड्यांत वारे फिरले. करोनामुळे शहरात प्रत्यक्ष मतदानासाठी एकच केंद्र होते, प्रदर्शन संकुलात. सहा वाजता दारे बंद झाली, तेव्हा गाडी लावून धावत आलेले लोक काचेवर थापा मारत होते. न्यायाधीशांनी अर्धा तास वाढवून दिल्यावर ती उघडली. बुकर सुमारे १५ हजार मतांनी हरले. नोव्हेंबरमध्ये मॅकग्रा यांना सुमारे ३८ टक्के मते मिळाली आणि मॅकॉनेल आरामात परतले. बुकर उभे असते तर काय झाले असते, यावर आमच्याकडे दोन वर्षे वाद चालला. २०२२ मध्ये त्यांना रिपब्लिकन सिनेटर रँड पॉल यांच्याविरुद्ध उमेदवारी मिळाली. त्यांनाही सुमारे ३८ टक्केच मिळाली.