दोन गिगाबिटचे पैसे, ९४० चा वेग: दोष कंपनीचा की घरातल्या वायरीचा?

कर्वेनगरकर

आमच्या सोसायटीत गेल्या दिवाळीत २ जीबीपीएसचा (सेकंदाला दोन गिगाबिट, म्हणजे दोन हजार एमबीपीएस) फायबर प्लॅन सुरू झाला. तेव्हापासून ग्रुपवर एकच तक्रार चालू आहे, "फसवलं, वेग येतच नाही." माझं मत वेगळं आहे. बहुतेक घरांत वेग रस्त्यावर अडत नाही, घरातल्या शेवटच्या पाच-सात मीटरमध्ये अडतो. आधी आपलं घर तपासा, मग कंपनीला फोन करा.

माझ्याकडे काय झालं ते सांगतो. पहिल्याच दिवशी लॅपटॉपला वायर लावून मोजलं, तर ९४ एमबीपीएस. दोन हजारांपैकी ९४! टीव्हीमागचा भिंतीतला बॉक्स उघडला. आत २०१४ साली फ्लॅटचं काम करताना ओढलेली कॅट ५ई दर्जाची नेटवर्क केबल होती. आठ तारांपैकी पांढरी-तपकिरी तार पिनपर्यंत पोचलीच नव्हती. टोक हिरवट पडलेलं, बोट लावलं तशी बाहेर आली. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात. त्यामुळे एक जोडी गेली की दोन्हीकडची यंत्रं गुपचूप १०० वर उतरतात. आम्ही इतकी वर्षं त्याच वायरीवर होतो. प्लॅन ५० चा होता, कळणार कसं?

टोक नव्याने क्रिंप केलं, म्हणजे तारा पिनांत दाबून बसवल्या, आणि ९४१ आले. तिथेच अडकलं, कारण लॅपटॉपचं पोर्ट गिगाबिटचं. हजारातले ९४१ म्हणजे पोर्ट पूर्ण भरून वाहतंय. डेटा छोट्या पाकिटांतून जातो, आणि दर दीड हजार बाइटच्या पाकिटामागे पत्ते, तपासणीचे आकडे आणि दोन पाकिटांमधली मोकळी जागा यांत पाच-सहा टक्के जातातच. मग २.५ गिगाबिटचा यूएसबी अ‍ॅडॉप्टर आणला. घाईत तो काळ्या पोर्टात खोचला, तर ३२०. ते यूएसबी २ निघालं. शेजारच्या निळ्या पोर्टात लावल्यावर १२००. शेवटी राउटरमधलं पालक नियंत्रण आणि वेग वाटप (कोणाला किती वेग द्यायचा ते ठरवणारी सोय) बंद केलं, तेव्हा १९०० च्या वर गेलं. या सोयी चालू असल्या की प्रत्येक पाकीट राउटरच्या प्रोसेसरमधून जातं, आणि घरगुती राउटरचा प्रोसेसर दोन गिगाबिटला धापा टाकतो.

म्हणजे आकडाच दोष सांगतो. ९४ आलं तर जोडी तुटलीय. ९४० आलं तर कुठलं तरी पोर्ट गिगाबिटचं आहे. ३०० च्या आसपास आलं तर यूएसबी २. यातला एकही दोष कंपनीचा नव्हता.

नारायणपेठी

साफ असहमत. तुम्ही जे केलंत ते कौतुकाचं आहे, पण ते करायची वेळ ग्राहकावर यावीच का? माझ्याकडेही २ गिगाबिटचा प्लॅन आहे, वेगळ्या कंपनीचा. त्यांनीच दिलेल्या डब्याला चार पोर्ट, चारही गिगाबिटचे. म्हणजे विकणाऱ्याला विकतानाच ठाऊक होतं की वायरवर ९४० च्या पुढे काहीच जाणार नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, "एकूण वेग चार पोर्टांत मिळून आहे." हे माहितीपत्रकात का नाही लिहिलं?

आणि रस्त्यावर अडत नाही हे कशावरून? जीपॉनवर (एकाच फायबरवरून अनेक घरं जोडायची पद्धत) एका लाईनची क्षमता खाली येताना २.४८८ गिगाबिट आणि वर जाताना १.२४४. ती एका घराची नसते, स्प्लिटरमधून (फायबरमधला प्रकाश वाटणाऱ्या डब्यातून) ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. अशा लाईनवर एकेका घराला २ गिगाबिट विकायचे म्हणजे बाकीच्यांनी त्या वेळी काही वापरू नये एवढीच आशा. त्याच पद्धतीची नवी आवृत्ती, एक्सजीएस-पॉन, असेल तर दोन्ही बाजूंना जवळजवळ १० गिगाबिट असतात, तिथे हा प्लॅन शोभतो. आपल्या घरी यातलं कोणतं आहे हे किती जणांना सांगितलं गेलंय?

कायद्याचाही मोठा आधार नाही. आपल्याकडे ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस लागतात, आणि तेसुद्धा जानेवारी २०२३ पासून. त्याआधी ५१२ केबीपीएस होते. दोन गिगाबिटच्या जाहिरातीखाली एवढीच जमीन आहे. म्हणून म्हणतो, जाब आधी कंपनीला विचारा.

वायरमन धायरी

मी रोज हीच कामं करतो. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण दोघांकडून एक गोष्ट सुटली, ती म्हणजे केबलचा माल. तपकीर गल्लीत "कॅट ६" छापलेली स्वस्त पेटी मिळते. आतली तार नखाने, नाहीतर ब्लेडने खरवडून बघा. तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरं दिसलं तर ते अ‍ॅल्युमिनियम. ही तार क्रिंपमध्ये नीट धरत नाही, दोन-तीनदा वाकवली की तुटते. माझ्याकडे आलेल्या "वेग अचानक १०० वर आला" या तक्रारींत हीच वायर फार वेळा निघते.

उलट जुनी पण खरी तांब्याची कॅट ५ई भिंतीत असेल तर ती उपटू नका. २.५ गिगाबिटचं जे मानक २०१६ साली आलं, ते कॅट ५ईवर १०० मीटर चालावं म्हणूनच बनवलंय. मागच्याच महिन्यात वारज्यात एका काकांनी "कॅट ८ टाका" म्हणून हट्ट धरला. दोन खोल्यांचा फ्लॅट, अंतर बारा मीटर. मी जुन्याच वायरीला नवी टोकं लावली आणि जोडणी २.५ वर लागलेली त्यांना दाखवली. भिंत फोडायची वेळ आली नाही.

फायबरचंही सांगतो. सोफा भिंतीला टेकवताना पिवळी वायर चेपते. ओएनटीच्या, म्हणजे फायबर जिथे येऊन लागते त्या डब्याच्या, सेटिंगच्या पानावर प्रकाशाच्या ताकदीचा आकडा (डीबीएम) बघता येतो. उणे २० च्या आसपास असेल तर छान, उणे २७ ही जीपॉनच्या नेहमीच्या डब्यांची शेवटची हद्द. इथे वेग हळूहळू उतरत नाही. आधी चुका वाढतात, लाईन मधेच जाते-येते, मग लाल दिवा. तेव्हा "थोडा कमी वेग येतोय" याचं खापर फायबरवर फोडू नका.

बाणेरवासी

मला हा सगळा खटाटोपच चुकीच्या दिशेला वाटतो. दोन गिगाबिट घरात करायचे काय? ४के चित्रपटाला नेटफ्लिक्स स्वतः १५ एमबीपीएस पुरे म्हणतं. चार खोल्यांत चार टीव्ही लावले तरी ६०. आणि मर्यादेचा हिशेब करा. बऱ्याच "अमर्यादित" प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीनंतर वेग पाडतात. दोन गिगाबिटने सलग उतरवायला बसलात तर हा महिनाभराचा साठा तीन तास चाळीस मिनिटांत संपतो.

कर्वेनगरकर, तुम्ही वेग वाटप बंद करून आकडा मिळवलात. पण घरच्यांना त्रास होतो तो नेमका ते बंद असल्यावर. मुलाने गेम उतरवायला लावला, राउटरमध्ये पाकिटांची रांग तुंबली आणि आईचा डॉक्टरांशी चाललेला व्हिडिओ कॉल अडखळला, हे माझ्या घरी घडलंय. मी ३०० चा प्लॅन ठेवला आणि राउटरला २८० ची सीमा घालून रांग आवरायला लावली. तेव्हापासून एक कॉल तुटलेला नाही. उरलेल्या पैशांत ओएनटी आणि राउटरसाठी छोटा यूपीएस घेतला, कारण गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट गेली की दोन गिगाबिटही शून्यच. आणि दुसऱ्या खोलीत वायर ओढून वायफायचा वेगळा डबा बसवला. घरातल्या माणसाला जाणवतो तो फरक हा.

फुटेजवाला

बाणेरवासी, तुमच्या घराचा हिशेब माझ्यावर लावू नका. मी प्रभात रोडला घरूनच एडिटिंग करतो. मुंबईहून शूटिंगचं ४०० जीबी फुटेज येतं. १०० एमबीपीएसवर त्याला जवळजवळ नऊ तास लागायचे, म्हणजे रात्र गेली. दोन गिगाबिटवर हिशेबाने सत्तावीस मिनिटं. प्रत्यक्षात पहिल्यांदा पाऊण तास लागला, कारण फुटेज साध्या हार्ड डिस्कवर उतरत होतं. ती सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास लिहिते आणि दोन गिगाबिट म्हणजे सेकंदाला अडीचशे एमबी. एसएसडीवर घेतल्यावर अर्ध्या तासात आलं. दिवसाला दोन कामं हातावेगळी होतात, माझं घर त्यावर चालतं.

नारायणपेठींचा वर जाणाऱ्या वेगाचा मुद्दा मात्र अगदी खरा. तयार फिल्म परत पाठवताना जीपॉनची ती १.२४४ ची मर्यादा अख्ख्या स्प्लिटरला मिळून आहे, आणि संध्याकाळी ते टोचतं.

अजून एक. समोरचा सर्व्हर अमेरिकेत असेल तर पाकीट जाऊन पोच यायला २०० मिलिसेकंदांच्या वर लागतात. एकाच जोडणीवर दोन गिगाबिट भरायचे तर कुठल्याही क्षणी ५० एमबी वाटेत असायला हवेत. पोच यायच्या आधी तेवढं उधारीवर पाठवायला पुष्कळ सर्व्हर तयार नसतात. म्हणून वेगचाचणीत १९०० आणि फाईल उतरताना २०० दिसले तर लगेच भांडू नका. एका वेळी आठ-दहा जोडण्या उघडणारं साधन वापरून बघा.

वाघोलीकर

वायरीचा एवढा आग्रह का? माझ्याकडे वायफाय ६ चा राउटर आहे, १६० मेगाहर्ट्झचा पट्टा लावला की त्याच खोलीत लॅपटॉपवर १५०० येतात.

कर्वेनगरकर

वाघोलीकर, येतात, पण त्याच खोलीत. एका काँक्रीटच्या भिंतीपलीकडे मोजून बघा. आणि ५ गिगाहर्ट्झमध्ये १६० चा पट्टा रडारसाठी राखलेल्या चॅनेलवर जातोच. रडारची चाहूल लागली की राउटरला ते चॅनेल सोडावं लागतं. तुम्ही लोहगावच्या बाजूला आहात, म्हणून मुद्दाम विचारतो: मध्येच अर्धा-एक मिनिट वायफाय गायब होतं का?

वाघोलीकर

होतं. दिवसातून दोन-तीनदा. मला वाटायचं कंपनीची लाईन जाते. ८० वर आणून बघतो.

कर्वेनगरकर

नारायणपेठी, तुमच्या मुद्द्यावर आठवडाभर काम केलं. रोज सकाळी ७ आणि रात्री ९:३० ला त्याच लॅपटॉपवर, त्याच निळ्या पोर्टात, त्याच सर्व्हरवर मोजलं. सकाळी दरवेळी १९०० च्या वर. रात्री ११०० ते १३००, आणि रविवारी त्याहूनही खाली. घर तेच, वायर तीच. तेव्हा रस्त्यावर अडत नाही हे माझं वाक्य मी मागे घेतो.

पण क्रम मी बदलणार नाही. आधी घर, मग कंपनी. हे तक्ते घेऊन गेलो तेव्हा तिथल्या मुलाने नेहमीप्रमाणे "वायफायवर एवढंच येतं, सर" असं सुरू केलं. वायरवर मोजलेले चौदा आकडे समोर ठेवले, तेव्हा त्याने आतून वरिष्ठांना बोलावलं. त्यांनी मान्य केलं की आमची इमारत जीपॉनवर आहे आणि स्प्लिटर ३२ चा. मी ते लेखी मागितलंय. ९४ चा आकडा घेऊन गेलो असतो तर त्यांनी माझीच वायर दाखवून परत पाठवलं असतं, आणि ते बरोबरच ठरलं असतं.

नारायणपेठी

हे बोललात ते पटलं. तुमच्या अर्जात एक मागणी वाढवा: कोणतं पॉन, स्प्लिटर कितीचा आणि डब्याच्या पोर्टचा वेग किती, या तीन गोष्टी नव्या ग्राहकाच्या फॉर्मवरच छापल्या पाहिजेत. मीही माझ्या कंपनीला तसंच लिहितो. चौदा आकड्यांचा तक्ता कसा मांडलात?

कर्वेनगरकर

तारीख, वेळ, वायरवर की वायफायवर, सर्व्हर कुठला, खाली किती, वर किती, आणि त्या क्षणी घरात दुसरं काय चालू होतं. शेवटचा रकाना नक्की ठेवा, पहिला प्रश्न तोच विचारतात.

बाणेरवासी

मग आता प्लॅन ठेवणार की उतरणार?

कर्वेनगरकर

महिनाअखेरपर्यंत लेखी उत्तर आणि एक्सजीएस-पॉनची तारीख मिळाली तर ठेवणार. नाही मिळाली तर १ गिगाबिटवर येणार. ते ९४० रविवार सोडून रोज रात्री पूर्ण मिळतील असं आकडे सांगतात. तुमची रांग आवरायची पद्धतही लावून बघतो. राउटर कोणता वापरता तेवढं सांगा.