मदत हवी आहे: भाचीच्या कानावरचा केलॉइड कापूनही परत आला (सोलापूर)

चादरमामा
नमस्कार मंडळी. प्रश्न भाचीच्या केलॉइडचा आहे, म्हणजे जखम भरल्यावरही वाढत राहणाऱ्या व्रणाच्या गाठीचा. वय १९, बीएस्सीचं दुसरं वर्ष. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात हिशेब बघतो. डॉक्टरकीतलं मला जे कळतं ते तिनेच शिकवलंय, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

मागच्या वर्षी गड्ड्याच्या जत्रेत मैत्रिणींबरोबर तिने कान टोचून घेतला. पाळीला नव्हे, वरच्या कडक कडेला. पावसाळ्यात तिथे मुगाएवढी गाठ आली. दिवाळीच्या सुट्टीत एका दवाखान्यात कापून घेतली. पंधरा मिनिटांचं काम, चार टाके, "झालं, आता विसरा". परत येईल असं कोणी बोललं नाही. या संक्रांतीपर्यंत ती सुपारीएवढी होऊन परत आली. टणक, चकचकीत, आणि टोचलं होतं त्या जागेच्या बाहेर पसरलेली. त्या कुशीवर झोपता येत नाही, खाज सुटते ती वेगळीच.

आमच्या उशिरा लक्षात आलं, कारण सोलापूरच्या उन्हात पोरी तोंडाला स्कार्फ बांधतात हे कोणाला नवीन आहे? ही डिसेंबरात घरात आल्यावरही सोडत नव्हती. बहीण विचारायची, थंडी वाजते का गं. मग कॉलेजातून हजेरी कमी असल्याचा मेसेज आला. प्रॅक्टिकलला केस मागे बांधावे लागतात, म्हणून ती जातच नव्हती.

आता खरी अडचण. ती म्हणते, "मामा, आता कापायचं नाही, टोचायचं नाही. जनुकावरचं औषध येतंय, मी थांबणार." तिने दाखवलेला पेपर २०२१ चा, 'सायन्स'मधला, स्टॅनफर्डचा. उंदरांच्या जखमेवर व्हर्टेपोर्फिन नावाचं, मुळात डोळ्याच्या आजारासाठीचं औषध दिलं, तर व्रण न राहता केसांसकट कातडी परत आली म्हणे. मला समजावायला तिने आमच्याच जॅकार्डचं उदाहरण दिलं. माग तोच, सूत तेच, पण कुठला धागा वर उचलायचा ते भोकं पाडलेली कार्डं ठरवतात. प्रत्येक पेशीत जनुकं तीच, कुठलं चालू नि कुठलं बंद हे ठरवणारी कार्डं वेगळी. जखम भरायचं कार्ड संपून 'थांब'चं कार्ड यायला हवं, ते केलॉइडमध्ये येत नाही. पोरगी हुशार आहे हो, वाईट त्याचंच वाटतं.

कोणी गाठीत इंजेक्शनं घेतलीत का? दुसरे डॉक्टर म्हणाले, नुसतं कापणं चूक, कापून लगेच शेक (रेडिएशन) द्यावा लागेल. तो बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलात मिळेल की पुण्यालाच जावं लागेल? कॅन्सरच्या दवाखान्याचं नाव काढल्यावर बहीण रडायलाच लागली. आणि तिला 'प्लॅस्टिक सर्जरी' म्हणजे आत प्लॅस्टिक घालतात असं वाटतंय, ते वेगळंच.

औषधी_दुकान
मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. ताईंना सांगा, प्लॅस्टिक हा शब्द आकार देणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलाय. बादलीशी संबंध नाही.

पेपर खरा आहे, पण दोन गोष्टी भाचीला विचारा. एक, ते काम साध्या व्रणावरचं होतं. दोन, केलॉइड फक्त माणसाला होतो. उंदराला होत नाही, म्हणून त्याच्यावरची औषधं प्राण्यांत तपासणं मुळातच अवघड. उंदरापासून आपल्या काउंटरपर्यंत औषध यायला वर्षं लागतात आणि बरीचशी वाटेतच गळतात. तोवर तिचं दुसरं वर्ष काय थांबणार आहे?

आज जे आहे ते साधं आहे. गाठीत ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन, साधारण ४ ते ६ आठवड्यांनी एक, असं काही महिने. कधी त्यात ५-फ्लुरोयुरासिल हे पेशींची वाढ रोखणारं औषध मिसळतात, कधी गाठ गोठवतात. नुसतं कापलं तर निम्म्याहून जास्त जणांत परत येतो, तुमच्याकडे झालं ते नशीब नव्हे. कापायचंच तर पुढचा बंदोबस्त आधी ठरवून: इंजेक्शन, दाब देणारं कानातलं किंवा शेक.

कडक_भाकरी
हळद आणि तूप लावा रोज, आमच्या आजीचा...

औषधी_दुकान
हळद भाजीत घाला की ओ. त्या गाठीला काही चोळू नका, खाजवून जखम झाली तर नवीन कटकट.

विजापूर_वेस
मी घेतलीत इंजेक्शनं. खांद्यावर होता, पुरळ फोडल्यावरून झालेला. खरं सांगते, पहिलं फार दुखलं. गाठ इतकी कडक असते की औषध आत जायलाच मागत नाही, डॉक्टरांचा अंगठा थरथरताना दिसतो. तिसऱ्यापासून गाठ मऊ पडली आणि मग दुखणंही कमी. खाज तर दुसऱ्याच वेळी थांबली, झोप लागायला लागली. पूर्ण गेला नाही. सपाट झाला, आणि तिथली कातडी थोडी पांढुरकी पडली. त्यावर रोज बारा तास सिलिकॉनची पट्टी लावत होते. आपल्या उन्हात घामाने ती निसटते, धुऊन परत लावायची.

घरात आणखी कोणाला आहे का?

चादरमामा
माझ्या दंडावर लसीची खूण वाटाण्याएवढी वर आलेली आहे, आईच्याही होती. कोणी कधी दाखवली नाही. बहीण आता "आपलं रक्तच असं" म्हणत स्वतःला बोल लावते.

औषधी_दुकान
घराण्यात कल असतो. २०१० मध्ये जपानी संशोधकांनी 'नेचर जेनेटिक्स'मध्ये तीन गुणसूत्री भाग दाखवले होते. पण कल म्हणजे शिक्षा नव्हे. यापुढे हौसेखातर टोचणं नको, गोंदण नको, आणि कुठलंही ऑपरेशन असलं तर आधीच सांगायचं.

शेकाचं: टाके घातल्यावर पहिल्या दिवसापासून तीन दिवसांच्या आत सुरू करतात, म्हणून सर्जन आणि शेक देणारे यांचं आधी बोलणं झालं पाहिजे. शनिवारी कापून सोमवारी फोन करत बसू नका. बार्शीत केलॉइडसाठी देतात का ते आधी विचारून घ्या. मला विचाराल तर आधी त्वचेच्या डॉक्टरांकडून इंजेक्शनं. कापायचं नंतर, लागलंच तर.

प्राध्यापिका_
मी इथल्याच एका कॉलेजात शिकवते. हजेरीचं मेडिकल सर्टिफिकेटवर बघता येतं, पण त्यासाठी कोणीतरी विभागप्रमुखांना भेटायला हवं, मेसेजला उत्तर नको. प्रॅक्टिकलला केस बांधून वर टोपी घातली तरी चालते. ती हे कोणाशी बोललीच नसेल.

जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना निदान एक प्रशिक्षित समुपदेशक ठेवायला सांगितलंय, तेव्हा कॉलेजात विचारा. नाहीतर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि मामा, "एवढ्याशा गाठीचं काय" असं घरात कोणी म्हणत असेल तर ते आधी बंद करा. मुली थांबतात त्या औषधासाठी कमी आणि त्या वाक्यापासून लांब राहण्यासाठी जास्त.

चादरमामा
म्हटलं होतं. मीच.

चादरमामा
मी भाची. मामाचा पासवर्ड मला माहीत आहे, त्यांच्या पहिल्या स्कूटरचा नंबर आहे.

आधी उदाहरण नीट करते, मामांनी अर्धंच सांगितलं. कार्डं स्वतःहून अडकत नाहीत. ताण्याला किती ओढ आहे तेही पेशीला कळतं. कळवणारं एक प्रथिन आहे, याप. व्हर्टेपोर्फिन त्यालाच अडवतं. शिवाय केलॉइडच्या पेशींत डीएनएवरच्या मिथाइलच्या खुणा (जनुकं चालू-बंद करणाऱ्या, कार्डांसारख्या) वेगळ्या सापडल्यात, म्हणजे सूत बदललेलं नसतं. प्राण्यांना केलॉइड होत नाही हे मला माहीत होतं. मी ते बाजूला ठेवलं होतं.

विजापूर वेस ताई, इंजेक्शनाआधी बधिर करतात का? दिवाळीत कापलं तेव्हा बधिर करायचं इंजेक्शनच सगळ्यात जास्त दुखलं होतं.

विजापूर_वेस
मला आधी तासभर बधिर करणारं मलम लावून ठेवायला सांगितलं होतं, आणि औषधातच लिग्नोकेन मिसळलं होतं. मलम लावून वर पारदर्शक पट्टी लावायची. आठवणीने माग, स्वतःहून देतीलच असं नाही. आणि सोबत कोणाला तरी ने, हात दाबायला.

चादरमामा
ठीक. सोमवारी प्रॅक्टिकल आहे. मंगळवारची वेळ घ्यायला मामांना सांगते. हात त्यांचाच दाबणार.