गळाला दंडुका, एलईडीला मोकळं रान?

गरीवाला
जून उजाडला की दरवर्षी हाच तमाशा. उपनगरातल्या एका जेट्टीवर गणवेशातला माणूस येतो आणि म्हणतो, "बंदी आहे, रॉड गुंडाळा." कुठल्या नियमाखाली, असं विचारलं तर "वरून ऑर्डर आहे." अहो, 1 जून ते 31 जुलैची बंदी यांत्रिक नौकांना आहे. वल्ह्या-शिडाच्या होड्यांनाही त्यातून सूट आहे. मी तर काठावर उभा, गळाला एक कोलंबी! 1981 च्या सागरी मासेमारी कायद्यात परवाना आहे तो नौकेला. हौशी गरवणाऱ्याने तो काढायचा कुठून? उलट एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून धरायला 2017 पासून बंदी, तरी मालवणपासून वरपर्यंत तक्रारी चालूच. आम्हाला वेगळा परवाना द्या, फी घ्या, किती मासे आणि केवढे तेही लिहून द्या. पण हाकलू नका.

दर्याची लेक
भाऊ, आमच्या बोटी दोन महिने शाकारून वर घेतलेल्या असतात. खलाशी गावी जातात, बँकेचा हप्ता काही गावी जात नाही. तुमची ती हौस, पण पावसाळ्यात लागलेला जिताडा संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विकायला असतो, तो कोण टाकतं? आमची आई बाजारात पाटी लावून बसते तेव्हा जागेचे पैसे मोजते.

खडपावरचा
ताईंशी सहमत नाही. पर्ससीनवाला, म्हणजे अख्खा थवा वेढणारं मोठं जाळं टाकणारा, एका फेऱ्यात जेवढं ओढतो तेवढं आम्हा सगळ्यांना जन्मभरात लागणार नाही. 5 फेब्रुवारी 2016 चा पर्ससीनवरचा आदेश आठवा. कागद कडक होता, दर्यात काय झालं ते मच्छीमारांनाच विचारा.
आणि गरीवाला, परवाना मागून घेऊ नका हो. एकदा कागद आला की जेट्टीवर चिरीमिरीचं दुकान लागलंच म्हणून समजा.

वरळीकर
इथे दोन गोष्टींची खिचडी होते आहे. भरतीच्या वेळी खडकांवरून हाकलतात ते लाटेत माणसं जातात म्हणून. त्याचा मासेमारीच्या कायद्याशी संबंध नाही. त्यावर तरी कुरकुर नको.

भरती_ओहोटी
किती मासे आणि किमान केवढे, एवढाच हिशेब जिताड्याला लावून चालत नाही. राज्याने 54 जातींना किमान आकार ठरवून दिला: पापलेट 135 मिमी, बोंबील 180, सुरमई 370. पिल्लं वाचवायला हे योग्यच. पण जिताडा आधी नर असतो, पुढे मोठा झाला की मादी होतो, आणि पावसाळ्यात अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी येतो. म्हणजे फोटोसाठी जो सगळ्यात मोठा उचलून धरता, ती बहुतेक मादी. म्हणून हौशींसाठी नियम करायचाच तर खालची मर्यादा हवी तशी वरचीही हवी: अमुकपेक्षा लहान नाही, तमुकपेक्षा मोठाही नाही.

गरीवाला
हे पटलं. मी मोठा जिताडा सोडतोच.

भरती_ओहोटी
सोडला म्हणजे जगला असं नाही, दादा. तोंडातला गळ काढायला पाच मिनिटं, मग कोरड्या सिमेंटवर ठेवून मोजपट्टी, मग मित्र फोटो काढणार. अंगावरचा बुळबुळीत थर तिथेच निघतो. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून सपाट करा, हात ओले ठेवा, शक्य असेल तर पाण्यातच सोडवा.

खडपावरचा
काटा दाबला की निम्मे मासे सुटतात. सांगायला सोपं आहे.

भरती_ओहोटी
दोरी ढिली सोडली तर सुटतात.

दर्याची लेक
गरीवालाभाऊंना परवाना मिळावा, माझी हरकत नाही. पण दोन अटी. विक्री पूर्ण बंद, ग्रुपवर, हॉटेलात, कुठेच नाही. आणि जून-जुलैत खाडीच्या तोंडाशी गळ टाकायचा नाही, मग काठावरून असो की होडीतून. बंदी आम्ही पाळायची आणि अंड्यावरचा मासा तुम्ही न्यायचा, हे कोळीवाड्यात कोणाला सांगून बघा.

गरीवाला
विक्री बंद, कबूल. विकणाऱ्याला पहिला दंड करा, मी साक्षीला येतो. खाडीचं तोंडही दोन महिने सोडतो. तेवढ्या दिवसांत मी आपला मार्वेला बसेन.

दर्याची लेक
मार्वे-मनोरीची फेरीबोट काय पलीकडच्या डोंगरावर जाते? तेच तर खाडीचं तोंड!