रेम झोपेतला मेंदू
'झोपेत मेंदू बंदच असतो' असं बऱ्याचदा म्हटलं जातं, पण ते रेम झोपेला, म्हणजे डोळे पापण्यांआड जलद हलतात आणि ठळक स्वप्नं पडतात त्या अवस्थेला, लागू होत नाही. १९५३ साली असेरिन्स्की आणि क्लाइटमन या झोपेच्या संशोधकांनी ही अवस्था नोंदवली. तिच्यातला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, जागेपणीसारखाच दिसतो, लहरी जलद आणि कमी उंचीच्या. पण हे साम्य वरवरचं आहे! मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या रसायनांपैकी अ‍ॅसिटिलकोलीन भरपूर असतं, नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशी मात्र जवळजवळ गप्प. भावनांशी निगडित अमिग्डाला हा भाग जोरात, तर तर्क तपासणारा कपाळामागचा भाग मंद. वारलेलं माणूस स्वप्नात समोर येऊन बोलतं आणि आपल्याला काहीच खटकत नाही, ते बहुधा यामुळेच. मला याचं फार नवल वाटतं. या झोपेत हातापायांचे स्नायूही मेंदूच्या खोडातून, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागातून, शिथिल केले जातात. ही यंत्रणा बिघडली, तर माणूस स्वप्नातली मारामारी झोपेत खरोखर करू लागतो. असं कुणाचं होत असेल तर न्यूरॉलॉजिस्टला जरूर दाखवा.